तंजावर : दोन दिवस, सोबत आई-बाबा. काय बघावं, काय सोडावं?

गोदातीर : डिसेंबरअखेर जातोय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, इतिहासाचं वेड. आईचे गुडघे दुखतात. राहणं-खाणं सोडून तिथं फिरायला चार हजार. मराठ्यांशी जोडलेलं आणि उघड्यावरचं काही सुचवा.

भटका_जीव : बृहदीश्वर मंदिर भल्या सकाळी गाठा. राजराज चोळाचं १०१० सालचं काम, विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची दोनशे फुटांवर. दुपारी फरशीचे चटके बसतात आणि गाभाराही बंद असतो.

मोडीवेडी : तिथल्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे, तो चुकवू नका. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतलाय. देवनागरी आहे, सावकाश वाचत गेलं की शब्द लागतात. तमिळ मुलखात दगडावर आपली भाषा बघून मला भरून आलं होतं. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालयही बघा. संग्रहालयाचं दालन छोटं आहे, पण पोथ्या अस्सल.

रांगडा_गडी : आम्ही मोठी गाडी आणि गाइड घेतला, नऊ हजार गेले, पण थाटात फिरलो. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम केलंच पाहिजे. तंजावरसकट तिन्ही मंदिरं जागतिक वारशात आहेत. आणि सांबार खा, संभाजीराजांच्या नावावरून तंजावरातच जन्मलं ते!

मोडीवेडी : सांबाराचा समकालीन पुरावा असेल तर द्या. दंतकथा इतिहास म्हणून पसरवू नये.

रांगडा_गडी : तिथले लोकच सांगतात, ताई. सगळ्याला कागद कुठून आणायचा?

भटका_जीव : त्यांचं बजेट चार हजार आहे हो. गंगैकोंडचोळपुरम एका बाजूनेच सत्तरेक किलोमीटर पडतं. गुडघेदुखीच्या माणसाला कशाला?

अण्णा६२ : आमचा गाडीवाला परस्पर बाहुल्यांच्या दुकानांत फिरवत बसला, अर्धा दिवस वाया. कुठं थांबायचं ते आधीच बजावा. मंदिर सकाळी लवकर बघा, फरशी तापते.

गोदातीर : सगळ्यांचे मनापासून आभार. पण सकाळी आईचे गुडघे आखडलेले असतात, म्हणून मंदिर चारनंतरच. शिलालेख नक्की, बाबा आत्ताच चष्मा पुसून बसलेत. दारासुरम वगैरे रद्द. दुसऱ्या दिवशी कावेरीवरचा कल्लणै बंधारा. कुणीच सुचवला नाही, पण प्राचीन काळच्या करिकाल चोळ राजाचा म्हणून सांगितला जाणारा बंधारा अजून पाणी वळवतोय म्हटल्यावर बाबा दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. तंजावरहून तिकडे बस सोयीची की रिक्षा, एवढंच सांगा.