खडकवासल्याच्या वरचं प्लॉटिंग थांबवायचं का? आणि थांबवलं तर पैसे कोणी मोजायचे?

नीरक्षीर
पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही पुण्याला पाणी देणारी चार धरणं मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. पण वरच्या तिन्ही धरणांतलं पाणी सांगरूणच्या बाजूने येऊन याच छोट्या तळ्यात उतरतं आणि इथूनच पर्वतीच्या शुद्धीकरण केंद्राला जातं. टेमघरला पाणी कितीही स्वच्छ असो, शेवटी ते गोऱ्हे, खानापूर, मालखेड, डोणजे या गावांसमोरून येतं. त्या काठावर आज काय आहे? रिसॉर्ट, हॉटेलं, लग्नाची लॉन्स, दहा-दहा गुंठ्यांची फार्महाऊसं, आणि डोंगर कापून काढलेले रस्ते, ज्यांचा मुरूम पहिल्याच पावसात खाली येतो. सांडपाण्याची सोय म्हणजे एक सेप्टिक टँक आणि एक शोषखड्डा. आपल्या कातळावर माती वीतभर. शोषखड्ड्यातलं पाणी मुरत नाही, फटींतून सरकतं आणि उताराखालच्या ओढ्यात निघतं.

माझं म्हणणं थोडक्यात: पाण्याच्या काठचा पट्टा आणि त्याला मिळणारे ओढे नव्या बांधकामाला पूर्ण बंद करा. बाकी खोऱ्यात सांडपाण्याचा बंदोबस्त प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय एनए, म्हणजे बिगरशेती परवाना, देऊ नका. आणि हे फुकटात मागायचं नाही. पुणेकरांच्या पाणीपट्टीतून वरच्या गावांसाठी वेगळी रक्कम काढा.

आंबीकाठचा
वा. म्हणजे आमची निम्मी जमीन धरणात गेली, आता उरलेली तुमच्या पट्ट्यात जाणार.

साहेब, भाताचं गणित तुम्हाला माहीत आहे का? दोन एकर इंद्रायणीतून मजुरी वजा जाता घरचं खायला राहतं आणि थोडं विकायला. पोरीचं लग्न, पोराचं इंजिनिअरिंग यासाठी शेतकऱ्याकडे एकच वस्तू असते, जमीन. तिला काठावर गिऱ्हाईक आहे म्हणून आज तिला भाव आहे. तुम्ही एक रेघ मारली की भाव शून्य. आणि प्लॉट घेतले कोणी? माझ्या बांधाला लागून तीन फार्महाऊसं आहेत, तिन्ही पुण्याची. शनिवारी येतात, स्विमिंग पूल भरतात, सोमवारी पुण्यात जाऊन पाण्याच्या शुद्धतेवर बोलतात.

सिंहगडरोडकर
राग समजतो, पण जानेवारी २०२५ आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, आमच्याच भागात जीबीएस या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तपासात दूषित पाण्याकडेच बोट होतं, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. वरच्या माणसाचं उत्पन्न महत्त्वाचं, मान्य. खालच्या माणसाचे हातपायही महत्त्वाचे आहेत.

व्हॉल्व्हमन
जीबीएस इथे आणू नका, त्याने चर्चा भरकटते. पाणीपुरवठ्याच्या कामात अर्धं आयुष्य गेलंय म्हणून सांगतो. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत घेतली, पण शुद्धीकरण केंद्राचं पाणी सगळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. नुसतं क्लोरीन मारलेलं विहिरीचं पाणी लोक पीत होते. तो दोष फार्महाऊसचा नाही, केंद्राचा आणि पाइपाचा. धरणाभोवती भिंत बांधलीत तरी न गाळलेलं पाणी दिलं तर माणसं आजारी पडणारच.

माझा विरोध साधा आहे. पुणं पाणी गाळतं, केंद्रं आहेत, माणसं आहेत. तो पैसा तिथे घाला. शंभर गावांच्या सातबाऱ्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा चार केंद्रं सांभाळणं सोपं.

नीरक्षीर
केंद्र काय काढतं आणि काय नाही, हे तुम्हीच जास्त चांगलं सांगाल. तुरटी, निवळण, वाळूचा थर, क्लोरीन. याने गढूळपणा जातो, जंतू मरतात. विरघळलेलं नायट्रेट जात नाही. डिटर्जंट, औषधांचे अंश फारसे जात नाहीत. सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ वाढलं की फिल्टर तुंबतात, पाण्याला वास येतो. सेंद्रिय घाण जास्त म्हणून क्लोरीन जास्त मारलं तर त्याचीच नको ती संयुगं तयार होतात. उजनीचं हिरवं पाणी पाहिलंय ना? ते पुण्याच्याच सांडपाण्याचं. खाली जे केलं तेच आता वर होऊ द्यायचं?

हडसनपल्याड
न्यू यॉर्क राज्यात राहतो म्हणून एक उदाहरण देतो, कारण वाद हुबेहूब हाच होता. शहराचं नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी कॅट्सकिल-डेलावेअरच्या डोंगराळ खोऱ्यांतून येतं आणि ते गाळलं जात नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमाने, पाण्याचं खोरं नीट राखल्याचं दाखवता आलं नाही तर, गाळण सक्तीची केली. गाळण केंद्राच्या खर्चाचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर. शहराने १९९० मध्ये वरच्या भागासाठी कडक नियमांचा मसुदा काढला. शेतकरी खवळले, कारण धरणांत त्यांच्या आज्यांची गावं बुडाली होती आणि शहर पुन्हा हुकूम सोडत होतं. आंबीकाठचे, ओळखीचं वाटतंय ना?

बऱ्याच रस्सीखेचीनंतर १९९७ मध्ये करार झाला. शहराने जमीन घ्यायची ती विकायला राजी असलेल्याकडूनच, बाजारभावाने, आणि घेतल्यावर तिथल्या गावाला तिचा कर भरायचा. सेप्टिक टँक दुरुस्ती शहराच्या पैशाने. गोठे आणि शेणाची व्यवस्था सुधारायला पैसा शहराचा, पण ठरवणारी परिषद शेतकऱ्यांची. नियमही आले, फक्त एकटे आले नाहीत. सगळे खूश आहेत असं नाही, शहर जमीन घेत सुटल्याने आमच्या पोरांनी घरं कुठे बांधायची, ही तक्रार तिकडेही आहे.

व्हॉल्व्हमन
पण त्यांचा केंद्राचा खर्च वाचला म्हणून हिशोब जमला. पुण्याने केंद्रं आधीच बांधली आहेत. मग वाचणार काय? हे गणित मांडल्याशिवाय पाणीपट्टी वाढवायला कोणता नगरसेवक हात वर करेल?

गुंठामंत्री
तुम्ही सगळे भाबडे. राज्यात नदीकाठच्या उद्योगांसाठी नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं. २००० सालचं, २००९ मध्ये सुधारलेलं. २०१५ मध्ये रद्द केलं, विषय संपला. लवासाला केंद्र सरकारने काम थांबवायची नोटीस दिली नोव्हेंबर २०१० मध्ये, तोवर वरसगावच्या काठावर अख्खं गावठाण उभं होतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, तरी सामायिक सातबारा करून दोन-दोन गुंठे विकले गेलेच. बंदी आली की प्लॉट थांबत नाहीत, फक्त टेबलाखालचा दर वाढतो.

नीरक्षीर
म्हणूनच नुसती बंदी नको म्हणतोय. ज्याला पट्टा मोकळा ठेवल्याबद्दल दरवर्षी पैसे मिळतात तो स्वतःच शेजारच्या बांधकामाची तक्रार करेल. तलाठ्याला दोन कोस चालावं लागणार नाही. व्हॉल्व्हमन, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण पुणं वाढतंय, नवी केंद्रं लागणारच. ती किती महागडी लागतील हे कच्चं पाणी किती घाण येतं त्यावर ठरेल.

आंबीकाठचा
दरवर्षी पैसे म्हणता. धरणग्रस्तांना दौंडकडे जमिनी द्यायच्या होत्या, त्यातल्या काहींच्या कागदांसाठी नातू अजून कचेरीत खेटे घालतात. सरकारचा शब्द आमच्याकडे चालत नाही. तुमचा पट्टा मान्य करतो, पण क्रम उलटा करा. आधी गावांतली गटारं आणि छोटी सांडपाणी केंद्रं, मग फार्महाऊसवाल्यांचे टँक तपासा, पैसे खात्यात येऊ द्या, आणि रेघ सगळ्यात शेवटी.

नीरक्षीर
रेघ शेवटी ठेवली तर तोवर मारायला जागाच उरणार नाही. गटारं आजपासून, नवीन एनए आजपासून बंद, पैसे पहिल्या वर्षात. एवढं चालेल?

आंबीकाठचा
पैसे पहिल्या वर्षात आले तर चालेल. नाही आले तर एनए उघडा, असं कलम लिहून द्या.

सिंहगडरोडकर
एक कुणीच बोललं नाही. फार्महाऊसचे टँक उपसायला मैलागाड्या येतात, त्या रिकाम्या कुठे होतात? माझ्या माहितीत एक तरी रात्री ओढ्यात पाइप सोडते. त्यांना जीपीएस आणि ठरलेली जागा, यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही.

गुंठामंत्री
जीपीएस गाडी पार्किंगमध्येच दाखवेल, पैज लावा.