धुक्यात वेग कमी वाटतो?

धुक्यात वेग कमी वाटतो म्हणून लोक नकळत गाडी जोरात हाणतात असं बरेचदा म्हणतात, ते १९९८ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या सिम्युलेटरच्या (पडद्यावर आभासी गाडी चालवायच्या यंत्राच्या) प्रयोगावरून आलंय, पण त्यात गोची अशी की अख्खा स्क्रीनच सारखा फिकट केलेला. खरं धुकं तसं नसतं ना, जवळचा रस्ता बऱ्यापैकी दिसतो आणि लांबचं गायब. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लँक या संशोधन संस्थेवाल्यांनी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत अंतरानुसार दाट होणारं धुकं टाकलं तर उलटंच, वेग जास्त वाटला आणि लोकांनी गाडी हळू चालवली! कारण जवळचा रस्ताच सर्रकन मागे पळतो, नजर तिथेच जाते. उलटं धुकं, म्हणजे जवळचं फिकट लांबचं स्पष्ट, दिलं तर मात्र जोरात चालवली. म्हणून मला तरी सिम्युलेटरचे निष्कर्ष वाचताना आधी चित्र कसं बनवलंय तेच बघावंसं वाटतं.