नोहाचा कावळा वाईट होता का? संडे स्कूलमधल्या मुलीला काय सांगू?

घोरपडीची_टीचर

सर्वांना सलाम. मी घोरपडीत संडे स्कूलच्या लहान गटाला शिकवते. या रविवारी बायबलमधलं नोहाचं तारू घेतलं होतं: महापुरात नोहा मोठ्या तारवात प्राणी-पक्षी वाचवतो आणि पाणी ओसरलं का ते बघायला आधी कावळा, मग कबुतर सोडतो. जुन्या लग्नपत्रिकांचे पक्षी कापून मुलांना रंगवायला दिले. जैतुनाचं पान चोचीत धरलेलं कबुतर सगळ्यांनाच हवं होतं, कावळा कुणी घेईना. शेवटी एका मुलीने घेतला. तिच्या आईचं माहेर हिंदू. नुकतीच ती आजोबांच्या दहाव्याला ओंकारेश्वरला जाऊन आली होती. पिंडाला कावळा शिवेना म्हणून मोठी माणसं किती वेळ ताटकळली, ते तिने वर्गाला सांगितलं आणि मला विचारलं, "टीचर, तिथे सगळे त्याला हात जोडत होते. मग आपल्याकडे तो वाईट का?"

पुढच्या रविवारी सांगते म्हणाले. ‘कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, कावळा म्हणजे पाप’ असं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. घरी येऊन ही गोष्ट ज्यात आहे तो बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा आठवा अध्याय पुन्हा वाचला. तिथे कावळ्याला कुठेच बोल लावलेला नाही. पाणी आटेपर्यंत तो इकडेतिकडे उडत राहिला, एवढंच आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

खडकीचे_निवृत्त_पाळक

टीचर, त्या लेकराला बिनधास्त सांगा की कावळा वाईट नाही. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १७ वा अध्याय उघडा. दुष्काळात संदेष्टा एलीया करीथ ओढ्याकाठी लपलाय आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतायत. लेवीय या नियमांच्या पुस्तकात, ११ व्या अध्यायात, हाच कावळा अशुद्ध ठरवलाय, खायला बंदी. ज्याला ताटात जागा नाही, त्याच्याच चोचीतून देवाने आपल्या संदेष्ट्याला जेवू घातलं! लूकच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात, तर प्रभू येशू स्वतः सांगतो, कावळ्यांकडे बघा. ना पेरणी, ना कापणी, ना कोठार, तरी देव त्यांचं पोट भरतो.

माझं मत विचाराल, तर शास्त्रातल्या पक्ष्यांचा आधी बाजारभाव बघावा. आपण कबुतर पांढरंशुभ्र रंगवतो आणि ते गरिबाचं अर्पण होतं हे विसरतो. बाळंतिणीच्या शुद्धीकरणाला कोकरू आणायचं, ऐपत नसेल तर दोन होले किंवा कबुतराची दोन पिलं, असा लेवीय १२ चा नियम. लूक २ मध्ये मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात जातात, तिथे कोकराचा उल्लेखच नाही, पक्ष्यांचाच आहे. आपल्या तारणाऱ्याच्या घरची परिस्थिती यावरून कळते. पुढे मंदिरात त्याने कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकी उलथल्या, तेव्हा आपल्या आईने काय वाहिलं होतं ते त्याला ठाऊक नसेल का?

चिमण्यांचंही तेच. मत्तयच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका नाण्याला, आणि ते नाणं म्हणजे मजुराच्या रोजाचा सोळावा हिस्सा. लूकमध्ये पाच चिमण्या दोन नाण्यांना. म्हणजे पाचवी वर घातलेली, फुकटची. तिचाही देवाला विसर पडत नाही. मी कित्येक मयतींना हेच वचन घेतलं आहे.

सिंहगडरोड_पक्षीमित्र

मी ख्रिस्ती नाही, पण पक्षी बघतो म्हणून लिहितो. कावळा मेलेलं जनावरही खातो, त्यामुळे पुरानंतर त्याचं कुठेही भागलं असतं. कबुतर दाणे टिपणारं, त्याला कोरडी जमीन लागते. त्यामुळे ते परत आलं की अजून पाणी आहे, हे नोहाला कळणार. दोघांची कामं वेगळी, त्यात चांगलं-वाईट कसलं? तिकडचा कावळा आपल्या गावकावळ्याहून मोठा असतो, पण हुशारी तीच. आमच्या गॅलरीत एक कावळा वाळकी पोळी घेऊन येतो, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बुडवतो, चोचीने दाबून बघतो, मऊ झाली की पिलाला भरवतो. मुलीला हे जरूर सांगा.

वडगावशेरी_बायबलक्लास

पाळकसाहेबांचं पटतं, पण सगळेच पक्षी गरिबाचे सोबती नव्हेत. मत्तय १३ मध्ये पेरणाऱ्याच्या दाखल्यात पाखरं बी खाऊन टाकतात आणि प्रभू त्यांचा अर्थ ‘तो दुष्ट’ असा सांगतो. त्याच अध्यायात थोडं पुढे मोहरीच्या झाडावर पाखरं वस्तीला येतात. शिवाय यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४० व्या अध्यायातला, गरुड आहेच, तो काही स्वस्तातला पक्षी नाही. अमुक पक्षी म्हणजे अमुक गोष्ट, असा तक्ता मुलांना पाठ करायला देऊ नका एवढंच म्हणतो. आमच्या लहानपणी तो होता आणि परीक्षेत विचारायचे.

घोरपडीची_टीचर

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता करणार नाही. एलीयाची गोष्ट घेते, कावळा तिच्याच हातात देते आणि भाकर बाकीच्यांना कापायला लावते. पाळकसाहेब, एक विचारू? ओंकारेश्वरचा विषय वर्गात पुन्हा निघाला तर टाळू का? मुलीची आई मागच्या बाकावर बसलेली असते.

खडकीचे_निवृत्त_पाळक

टाळू नका. आजोबा तिचे होते, दुःख खरं आहे. आधी आजोबांचं नाव विचारा, त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा आणि मग एलीयाकडे वळा. घाटावरच्या विधीबद्दल तुम्ही निवाडा देऊ नका. आणि आईला शनिवारीच फोन करून कल्पना द्या.