मदत हवी आहे: ॲक्च्युअरीच्या संभाव्यता परीक्षेची तयारी

सप्रेम नमस्कार. मी फोंड्यात राहतो आणि नोकरी सांभाळून अमेरिकेतील सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज (विम्यातील जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांची संस्था) हिच्या ‘पी’, म्हणजे संभाव्यतेच्या, परीक्षेची तयारी करीत आहे. तीन तासांत 30 बहुपर्यायी प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सहा मिनिटे. पदवीला सविस्तर सिद्धता लिहिण्याची सवय लागलेल्या माणसाला ही घाई जरा जाचतेच.

बेझचे प्रमेय, द्विपद किंवा पॉयसाँ वितरण यांत फारसे अडत नाही. अडते ते विम्याच्या भाषेतील उदाहरणांपाशी. समजा, नुकसानीचे वितरण घातांकी असून सरासरी 1000 रुपये आहे आणि पहिले 500 रुपये विमाधारकाने स्वतः सोसायचे आहेत. तर प्रत्येक नुकसानीमागे कंपनीची अपेक्षित भरपाई सुमारे 606.53 रुपये येते, पण प्रत्यक्ष भरपाई द्यावी लागलेल्या दाव्यांपुरती तीच सरासरी पुन्हा 1000 होते. गणित पटते, मात्र प्रश्नकर्त्याला यांपैकी कोणती सरासरी हवी आहे, हे घड्याळाकडे लक्ष ठेवून ओळखणे कठीण जाते. संयुक्त वितरणात, म्हणजे दोन चलांचा एकत्र विचार करताना, तर दुहेरी इंटिग्रेशनच्या सीमा ठरवण्यासाठी आकृती काढण्यातच निम्मा वेळ जातो.

ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी कृपया सांगावे की, सीमा झटपट ठरवण्यासाठी कोणता सराव उपयोगी पडला, वेळ लावून प्रश्न सोडवणे केव्हा सुरू करावे आणि संस्थेने प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न पुरेसे ठरतात का. फोंडा-मडगाव परिसरात कोणी तयारी करीत असल्यास रविवारी एकत्र अभ्यासाला बसण्याची माझी तयारी आहे.