विषय: उत्तर: पत्रकाचा स्क्रीनशॉट

मंडळी, नमस्कार.
३१ ऑगस्ट २०२५ च्या 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या स्थलांतरविरोधी मोर्चाचं ते पत्रक पुन्हा फिरतंय: ग्रीक-इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत एवढे भारतीय पाच वर्षांत आले, म्हणे. घाबरू नका. आपण रीतसर व्हिसावर आलो, कर भरतो. राग बेकायदा घुसणाऱ्यांवर आहे.
— सहसचिव, मेलबर्न

सहसचिवसाहेब, रामराम.
सध्या अंबाजोगाईला आहे, लाइट आली की मेल उघडतो, म्हणून उशीर.
पत्रकात 'भारतीय' लिहिलंय. व्हिसाचं नाव तरी आहे का त्यात? बाहेरचे येऊन मूळच्यांची जागा घेणार, ही 'ग्रेट रिप्लेसमेंट'ची टूम रेनो कामू या फ्रेंच लेखकाच्या २०११ च्या पुस्तकातली. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्यानं आपल्या जाहीरनाम्याला तेच नाव दिलं, गोळीबार फेसबुकवर थेट दाखवला. मेलेल्यांत हैदराबादचा इंजिनिअर होता, केरळची विद्यार्थिनी होती. तीही रीतसरच गेली होती की!

घरभाडं परवडत नाही, हे तिथल्यांचं गाऱ्हाणं खरं. त्यावर बोलता येतं, घरं बांधता येतात. 'आक्रमण' म्हटलं की बोलणंच खुंटतं. तुम्ही तिथं आहात हाच गुन्हा. १९५२ चं मुल्की (म्हणजे स्थानिकांचं) आंदोलन आठवा, मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. बाहेरचे खोटे दाखले काढून नोकऱ्या बळकावतात, ही तक्रार रास्तच होती. पण घोषणा? 'गैरमुल्की गो बॅक', आणि वर 'इडली-सांबार गो बॅक'. आता इडलीनं कुणाची नोकरी खाल्ली होती?
— जुना सभासद

काका, पटलं. पण परवा आपल्याच ग्रुपवर कुणीतरी 'स्टुडंट व्हिसावाल्यांचे लोंढे' असं लिहिलं. बरेच अंगठे आले त्याला. आपणही कधीकाळी विद्यार्थी म्हणूनच उतरलो होतो ना?
— ग्रंथालय समिती

ताई, ते आधी काढायला लावा. आमच्या बीडची कोयती, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दरसाल साखर कारखान्यावर जातात. गावात काही चोरीला गेलं की पहिल्यांदा ऊसतोडवाल्यांच्या कोप्या (झोपड्या) तपासतात. आपल्या माणसांनी तरी हे बोलू नये.

आणि तो फोटो कुणीही पुढे पाठवू नका. शिव्या घालून पाठवला तरी पसरतो तोच. पोस्ट रिपोर्ट करा. आकड्यावर वाद घालायचाच असेल तर सरकारी आकडेवारीची लिंक टाका, पत्रक नको.
— जुना सभासद