भाडं म्हणजे पाण्यात पैसे? मग आमचा हिशोब बघाच

पुनावळेची_भाडेकरू

काल एका काकांनी इथे लिहिलं, "भाडं भरणं म्हणजे पाण्यात पैसे घालणं. आम्ही एका पगारात घर केलं. आताच्या पोरांना दोन पगार, तरी रड. हॉटेलं आणि गोव्याच्या ट्रिपा बंद करा, घर होतं." वाचून जे डोकं सणकलं ते अजून उतरलेलं नाही.

दोघांचे मिळून हातात १ लाख ३० हजार येतात. पुण्याजवळच्या पुनावळ्यातला टू-बीएचके, बांधकाम चालू, ऍग्रीमेंट ७५ लाखांचं. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ६० लाख. उरलेले १५ आमचे. वर स्टँप ड्युटी ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. रजिस्ट्रेशन ३० हजार. जीएसटी ५ टक्के, पावणेचार लाख. हे आमची बँक कर्जात धरत नाही. म्हणजे खिशातून २४ लाख ३० हजार, आणि यात किचन ट्रॉल्या नाहीत की सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स नाही. एफडी, सोनं, नवऱ्याचा पीएफ, सगळं ओढून आमचे १६ होतात.

साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ५२ हजार. पहिल्या हप्त्यात साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज. आणि ताबा मिळेपर्यंत आत्ताचं २५ हजार भाडं आहेच. साताऱ्याला सासऱ्यांना पैसे जातात ते वेगळे. गोव्याला आम्ही लग्नानंतर एकदा गेलोय, तेही ऑफिसातल्यांनी कुपन दिलं म्हणून. आता सांगा, कापायचं काय?

कोथरूडकर_काका

तो काका मीच. आधी हिशोब नीट मांडा. बांधकाम होईल तसं कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळतं, तोवर फक्त प्री-ईएमआय, म्हणजे मिळालेल्या रकमेवरचं व्याज. पहिल्या दिवसापासून ५२ हजार जात नाहीत.

आमच्या वेळी गृहकर्जाचं व्याज पंधरा-सोळा टक्के होतं. तुम्हाला साडेआठला घाम फुटतो. घरात टेबलफॅन एक, तो रात्री मुलांच्या खोलीत. हिने कित्येक दिवाळ्या नवी साडी घेतली नाही, पण घरमालक नळ बंद करायचा ते तरी संपलं.

रावेतचा_आयटीवाला

काका, तुमच्या नावाखाली 'निवृत्त, राष्ट्रीयीकृत बँक' लिहिलंय. पंधरा-सोळा टक्के जगाला. तुमचं स्टाफ लोन, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारं स्वस्त कर्ज, किती टक्क्यांनी होतं, तेवढं सांगा की.

कोथरूडकर_काका

स्टाफ लोन होतं. मग? किनवट, उमरगा, अहेरी, बँकेनं जिथे धाडलं तिथे गेलो. कुणी खिरापत वाटली नव्हती.

रावेतचा_आयटीवाला

म्हणजे आकडा सांगणार नाही.

वाघोली_टँकर_समिती

मी घेतलं घर. आमचं वाघोली गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं, टॅक्सची बिलं आली, पाणी अजून टँकरनेच येतं. पहाटे उठून टँकर पूर्ण भरलाय का ते मीच काठी घालून बघतो. ५२ हजारांत उन्हाळ्यातला मेंटेनन्स मिळवा, मग बोला.

हिशोबी_हिंजवडी

एवढं कशाला? फ्लॅट फक्त बाईंच्या नावावर घ्या. महिला खरेदीदाराला स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे. ७५ हजार वाचतात, ट्रॉल्या निघाल्या.

रावेतचा_आयटीवाला

आणि हप्ता कोण भरणार? मी हेच केलं होतं. आता वेगळे राहतो. फ्लॅट तिच्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून. वकील म्हणतो, बँकेची स्टेटमेंटं जपून ठेवा. जपतोय. ही सवलत ज्यानं काढली त्याला एकदा भेटायचंय.

मिरजेची_मास्तरीण

आमच्याकडचं ऐका मग. घर नवरा आणि सासरे यांच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, डाउन पेमेंटला माझ्या माहेरच्या पाटल्या. नवरा गेले. वर्षश्राद्ध व्हायच्या आधी दिरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही आता मिरजेलाच राहणार ना?"

रावेतचा_आयटीवाला

वाईट वाटलं. पण दर वेळी बायकाच बिचाऱ्या, हे काही पटत नाही.

मिरजेची_मास्तरीण

बिचारी कोण म्हणालं? मी त्याच घरात राहते. दीर कोर्टाच्या चकरा मारतात. आणि तुम्हाला वाईट वाटलं असेल तर पुढचं वाक्य लिहायची गरज नव्हती.

ठाण्याची_वकील

भांडायच्या आधी एक कळू द्या. ती सवलत फक्त महिलाच खरेदीदार असतील तर मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. नवरा नुसता सहकर्जदार असेल आणि मालक नसेल, तर प्राप्तिकरात व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराला ती कुणालाच नाही, ते सोडा. दोघं कमावत असाल तर दोघांची नावं घाला आणि ऍग्रीमेंटमध्ये हिश्श्याची टक्केवारी लिहा. ७५ हजार वाचवून नंतर माझ्यासारखीला फी देण्यात काय मिळवता?

हिशोबी_हिंजवडी

संसार सुरू व्हायच्या आधीच टक्केवारी! धन्य आहे. आमच्या आईच्या नावावर सातबारासुद्धा नव्हता, कधी तक्रार केली नाही तिनं.

मिरजेची_मास्तरीण

विचारलं होतं का कधी तिला?

पुनावळेची_भाडेकरू

अहो, मी घर परवडतं का विचारलं होतं. घर कुणाचं ते नंतर बघू, आधी होऊ तर द्या.

कोथरूडकर_काका

जीएसटी आमच्या वेळी नव्हता, एवढं मान्य. बाकी शब्द मागे घेत नाही. पण कंप्लीशन सर्टिफिकेट मिळालेला तयार किंवा रीसेल फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतच नाही, हे दोन पगारांच्या घरात कुणाला सुचू नये?

पुनावळेची_भाडेकरू

सुचलंय, काका. तयार फ्लॅटचा भाव बिल्डर तेवढाच चढवून सांगतो. चिंचवडला एक रीसेल बघितला, ५८ लाखांना. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्यांचा कुकर दिसतो. २० टक्के, स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून १५ लाख ९६ हजार होतात. हप्ता चाळीस हजारांच्या घरात. सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय, ते ठरत नाहीये. नवरा म्हणतो घेऊन टाकू.

रावेतचा_आयटीवाला

चार हजार शिल्लक ठेवून घर घेताय? २०२२च्या मे महिन्यापासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. माझ्या बँकेनं हप्ता थोडा वाढवला आणि मुदत निवृत्तीच्या पलीकडे नेऊन ठेवली.

कोथरूडकर_काका

नंतर उतरलाही, तेही लिहा. बाई, दलाली धरली नाहीत. निदान एक टक्का जाईल. आणि लिफ्ट नाही म्हणजे इमारत जुनी दिसते. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का?

पुनावळेची_भाडेकरू

सेक्रेटरी म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे.

ठाण्याची_वकील

म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नसेल तर सरकारकडे करायचा डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज केलाय का, कधी केलाय, त्याची प्रत मागा. टोकन देऊ नका तोवर.

पुनावळेची_भाडेकरू

टोकन कालच दिलं नवऱ्यानं. ५१ हजार.

कोथरूडकर_काका

पावती घेतली का?