साचा बदलला की मीडियाविकी संथ होतो: नवा सर्व्हर घ्यावा का?

प्रश्न (खानापूर)
नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागांतील गावे, देवळे, शिलालेख आणि बोलीतील शब्द यांची नोंद ठेवणारा मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवरचा विकी) आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो. गावाच्या माहितीचौकटीचा साचा (अनेक पानांत एकाच ठिकाणाहून येणारा सामायिक भाग) हजारो पानांवर आहे. तो जरा दुरुस्त केला, की पुढे कितीतरी वेळ सगळाच विकी रखडतो. हलशीसारखे लांबलचक पान तर उघडता उघडत नाही. यंत्रात ८ जीबी मेमरी असून डेटाबेस मारियाडीबी आहे. वर्गणी काढून नवा सर्व्हर घ्यावा, की आहे त्यातच भागेल?

उत्तर (निपाणी)
वर्गणीला तूर्त हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साचा बदलला, की तो वापरणाऱ्या प्रत्येक पानाची नोंद ताजी करण्याचे काम रांगेत लागते आणि मूळ मांडणीत ही रांग वाचकांच्या भेटींबरोबरच, दर विनंतीमागे सरासरी एक काम याप्रमाणे, उपसली जाते. लोकलसेटिंग्जमध्ये (विकीच्या मांडणीच्या फाइलमध्ये) जॉब रन रेट, म्हणजे दर विनंतीमागे उपसायच्या कामांची संख्या, ० करावा आणि रांग उपसणारी रनजॉब्ज ही स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरावीक वेळांनी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालवावी. मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात. क्रॉन राहून गेला, तर रांग तुंबतच जाईल.

मुख्य कॅश (एकदा तयार केलेली माहिती पुन्हा वापरण्यासाठीचा साठा) चालू आहे का, हेही पाहावे. एकाच सर्व्हरवरील विकीला एपीसीयू (पीएचपीचा मेमरीतला कॅश) बहुधा पुरतो. मारियाडीबीतील इनोडीबीचा बफर पूल (डेटाबेसमधील माहिती मेमरीत धरून ठेवणारी जागा) मुळात अवघा १२८ एमबी असतो. आपल्या यंत्रात तो २ जीबी करण्यास हरकत नसावी.

उत्तर (बेळगाव)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण हलशीचे पान वेगळे तपासावे. पानाचा एचटीएमएल स्रोत उघडून पार्सरचा (विकी-मजकुराचे पान तयार करणाऱ्या भागाचा) अहवाल शोधावा; पान तयार व्हायला किती वेळ लागला आणि त्यात कोणत्या साच्याचा वाटा किती, हे तिथे कळते. सर्वाधिक वेळ घेणारा साचा ल्युआ मॉड्यूलवर (ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेतील कोडवर) चालत असेल, तर ल्युआसँडबॉक्स हे पीएचपीचे विस्तारक बसवल्याने बराच फरक पडतो.

सर्व्हरच्या लॉगमध्ये जुन्या आवृत्त्या व फरकांची पाने ओरबाडणारे बॉट (आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम) दिसले, तर त्यांना आधी आवर घालावा, कारण अशी पाने कॅशमधून क्वचितच मिळतात. व्हार्निशचा (विकीच्या पुढे राहून तयार पाने थेट देणाऱ्या कॅशचा) विचार त्यानंतर करावा. त्याचा लाभ मुख्यतः लॉगइन न केलेल्या वाचकांनाच होतो, संपादकांना नाही.